ताशी शून्य किलोमीटर

"या घरात एक तर ती राहील, नाही तर मी," असं म्हणून मामींनी बशी टेबलावर आपटली.

"ती खाली पार्किंगमध्ये राहते," मामा शांतपणे म्हणाले. "घरात तूच आहेस."

ती म्हणजे लालभडक स्पोर्ट्स बाईक. वजन एकशे नव्वद किलो, हँडल इतकं खाली की चालवणाऱ्यानं टाकीवर पालथं पडायचं, आणि आवाज असा की सुरू केली की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या. आदल्याच दिवशी मामा ती घेऊन आले होते. वय वर्षं सत्तावन्न.

मामा हाडांच्या दवाखान्यात एकतीस वर्षं प्लास्टर घालत होते. कुणाच्याही नात्यात नसताना सगळ्या दवाखान्याचे ते प्लास्टरमामा झाले होते, त्यामुळे त्यांच्या बायकोलाही सगळे मामीच म्हणत. मोटारसायकलवरून पडून आलेली तरणी पोरं मामांच्या हाती सापडली, की ओलं प्लास्टर वाळेपर्यंत त्यांची सुटका नसे. तेवढ्या वेळात मामा त्यांना हेल्मेट, बूट, वळण आणि आईवडील या चार विषयांवर यथेच्छ सुनावून घेत.

वकील असलेली मुलगी खास समजूत घालायला आली होती. "बाबा, रोज डोळ्यांनी बघतोस ना काय होतं ते?"

"बघतो. म्हणूनच घेतली."

"म्हणजे?"

"एकतीस वर्षांत जिन्यावरून पडलेले कितीतरी लोक आले. एकही माणूस जिन्याबद्दल प्रेमानं बोलला नाही. स्टुलावरून पडलेला स्टुलाला शिव्या देतो. पण गाडीवरून पडलेला? पाय दोन ठिकाणी मोडलेला असतो, आणि विचारतो काय? 'मामा, पुन्हा कधी चालवता येईल?' वर डोळे असे चमकतात! मला एकदा बघायचं आहे, ते नक्की काय असतं."

"आणि जे प्लास्टरपर्यंत पोचतच नाहीत ते?" मामींनी विचारलं.

असे काही मामांना माहीत होते. "त्यांना विसरलेलो नाही," ते म्हणाले. "म्हणून रीतसर शिकणार. जाकीट, बूट, हातमोजे सगळं घालणार. गर्दीत शहाणपणा आणि वेग फक्त शर्यतीच्या ट्रॅकवर. पण चालवणार म्हणजे चालवणार."

आणि मामांनी खरोखरच चालवली. दोन महिने दर रविवारी पहाटे उठून ते गावाबाहेरच्या ट्रॅकवर शिकायला जात. वर्गातले बाकीचे विद्यार्थी त्यांच्या मुलीपेक्षा लहान. पहिल्या दिवशी मनगटं अशी दुखली की घरी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला. मामी बघत होत्या, म्हणून मामांनी "असाच जास्त गरम लागतो" असं ठोकून दिलं. हळूहळू गाडी कळायला लागली. वळणावर जिथे जायचं तिथे बघायचं, खड्ड्याकडे बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते, हे शिकवणाऱ्यानं शंभरदा सांगितलं आणि एकशेएकाव्यांदा ते मामांच्या डोक्यात शिरलं.

मग आला तो रविवार. सरळ पट्ट्यावर मामांनी मूठ पिळली आणि काटा दीडशेच्या पुढे गेला. वाऱ्यानं छातीवर हात ठेवून मागे ढकलावं तसं झालं. डोळ्यांतून पाणी आलं आणि एकतीस वर्षांची सगळी हाडं एका क्षणात डोक्यातून पुसली गेली. पुढचं वळण समोर आलं. मामा घाबरले, अगदी मनापासून घाबरले. पण बघायचं होतं तिथेच बघत राहिले, आणि गाडी अलगद वळली. हेल्मेटच्या आत मामा लहान मुलासारखे ओरडले. पोरांचे डोळे का चमकतात ते त्यांना कळलं.

विजयी वीरासारखे मामा घरी परतले. फाटकाशी थांबले. नवे बूट पायाला चावत होते, म्हणून ते काढून डिकी नसलेल्या त्या गाडीच्या टाकीवर ठेवले आणि पाठीवरच्या पिशवीतून चपला काढून घातल्या. पार्किंग पंधरा फुटांवर. पंधरा फुटांसाठी कोण बूट घालतं? मामांनी हँडल पूर्ण वळवलं, टाकीवरचे बूट घसरले, ते सावरायला हात गेला, दुसऱ्या हातानं ब्रेक करकचून दाबला, आणि एकशे नव्वद किलोंची ती गाडी थकलेल्या म्हशीसारखी सावकाश एका कुशीवर झाली. खाली मामांचा डावा घोटा होता.

आवाज ओळखीचा होता. मामांनी त्याचं निदान जागीच केलं.

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. दातओठ खात त्यांनी पाय ओढून काढला, गाडीला पाठ लावली आणि शिकवल्याप्रमाणे, पण एकाच पायावर, ती उभी केली. ते कसं जमलं हे त्यांना पुढेही कधी सांगता आलं नाही. मग लंगडी घालत ते जिन्यापर्यंत आले, तिसऱ्या पायरीवर टेकले आणि ओरडले, "अगंऽऽ!"

मामी धावत खाली आल्या. नुकत्याच पुसलेल्या पायऱ्या, पायरीवर बसलेला नवरा, पायात चप्पल.

"पडलात?"

"हो."

"जिन्यावरून?"

मामा खोटं बोलले नाहीत. ते फक्त "हं" म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. "मामा, जिन्यावरून पडलात म्हणता?"

"हं."

"हा तर बाहेरून दाब आलेला दिसतोय. जिना तुमच्यावर पडला का?"

"तुम्ही प्लास्टर घाला हो," मामा कावले. डॉक्टरांनी ते स्वतः घातलं. इतकं ओबडधोबड प्लास्टर मामांनी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते आता सहा आठवडे त्यांच्याच पायावर राहणार होतं.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण संध्याकाळी मुलगी भेटायला आली आणि मामांना राहवलं नाही. "बघ! दीडशेच्या वेगानं जाऊन धडधाकट आलो. आणि पाय कशानं मोडला? जिन्यानं! आता सांग, विकायचं काय? गाडी की जिना?"

मुलीला हे पटलं. नको तेवढं पटलं. तिने रातोरात सोसायटीला नोटीस धाडली. नोटीस अध्यक्षांच्या हाती पडली. ते निवृत्त मुख्याध्यापक होते. काच फुटली की आधी गुन्हेगार शोधायचा, ही चाळीस वर्षांची सवय. जिना कुणी पुसला, किती वाजता पुसला, याची चौकशी झाली, आणि सगळं खापर जिना पुसणाऱ्या मावशींच्या डोक्यावर फुटलं. पुढच्या रविवारी सकाळी सभा बोलावली गेली. विषय एकच: मावशींना कामावरून काढणे.

मावशी दाराशीच उभ्या होत्या. पंचेचाळिशीच्या, काटक, बारा वर्षं हाच जिना पुसणाऱ्या. "मी फडकं पिळून घेते," त्या म्हणाल्या. "पायरीवर पाणी ठेवतच नाही मी. कधीच नाही."

"मग मामा काय हवेत घसरले?" अध्यक्षांनी विचारलं.

कुणीतरी हसलं. मावशी हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. त्यांनी फक्त मामांकडे बघितलं. मामांनी प्लास्टरकडे बघितलं. शेजारी मामी ताठ मानेनं बसल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच साऱ्या सोसायटीची सहानुभूती त्यांच्या वाट्याला आली होती. पुढे मुलगी निष्काळजीपणावर असं काही बोलत होती की कुठल्याही बापाचा ऊर भरून यावा. मामा मात्र खुर्चीत आणखी खाली सरकले.

"ठरावाला सगळ्यांची संमती आहे, असं समजू?" अध्यक्ष म्हणाले.

"नाही!" मामा कुबडीवर जोर देऊन उभे राहिले. "जिना निर्दोष आहे."

"बाबा, खाली बस," मुलगी कुजबुजली.

"मावशींचाही काही दोष नाही. मी मोटारसायकलवरून पडलो."

मामींची मान सावकाश वळली.

"किती वेगात होतात?" अध्यक्षांनी विचारलं.

एकशे वीस, असं मामांच्या ओठांवर आलं होतं. त्यात निदान इज्जत तरी होती. पण एका 'हं'नं काय केलं ते समोर दाराशी उभं होतं.

"शून्य," मामा म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे उभी होती. पायात चपला होत्या. मी वळवत होतो, ती माझ्यावर पडली."

आधी मागच्या रांगेतून खसखस ऐकू आली, मग सबंध सभा फुटली. अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे पुसले. मुलीनं नोटिशीची प्रत तोंडापुढे धरली. मामा कुबडीवर तसेच उभे राहिले आणि हसू ओसरल्यावर म्हणाले, "झालं हसून? आता ऐका. मी खोटेपणा केला, त्याची माफी मावशींची मागतो. तुमची नाही. आणि गाडी विकणार नाही. पाय बरा झाला की पुन्हा बसणार. भीती वाटली म्हणून सोडली नाही, आता लाज वाटते म्हणून तर मुळीच सोडणार नाही. मात्र बूट घालीन. पंधरा फूट जायचं असलं तरी घालीन." मग ते दाराकडे वळले. "मावशी, चुकलो. काय करू सांगा."

मावशींनी थोडा विचार केला. "माफी राहू द्या. मला एकदा मागे बसवून न्या."

"कुठे?"

"कुठेही. जोरात."

सभेतून घरी येऊन दार लावल्यावर मामी म्हणाल्या, "गाडीवरून पडलात याचं काही नाही. मला जिन्याची शेंडी लावलीत, हे मी विसरणार नाही." पुढचे आठ दिवस घरात भांडीच काय ती बोलत होती. नवव्या दिवशी मामींनी स्वतःच बाजारात जाऊन मावशींच्या मापाचं हेल्मेट आणलं. "दुसऱ्याचं माणूस मागे बसवणार आहात. उघड्या डोक्यानं नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

प्लास्टर निघालं, घोटा नीट वळायला लागला, आणि एका रविवारी सोसायटीच्या साऱ्या खिडक्या भरल्या. मावशी मामांच्या मुलीचं जुनं जाकीट, जाड पँट आणि भक्कम बूट घालून मागच्या चिंचोळ्या सीटवर चढून बसल्या. मामांनी गाडी फाटकाबाहेर इतकी जपून काढली की शेजारून एक सायकल पुढे निघून गेली. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला लागल्यावरही काटा चाळिशीतच होता. एकट्यानं दीडशे वेगळे आणि पाठीला दुसऱ्याचा जीव असताना चाळीस वेगळे, हे मामांना नव्यानं कळत होतं.

खांद्यावर थाप पडली. "मामा, बंद पडली का?"

मामांनी आरशात मागचा रस्ता बघितला, मोकळा होता. पुढचा बघितला, तोही मोकळा होता. त्यांनी मूठ पिळली. पाठीमागून आधी एक किंकाळी आली, मग हसू, आणि ते परतेपर्यंत थांबलं नाही.

फाटकाशी अध्यक्ष, मुलगी आणि मामी वाट बघत होते. मावशी उतरल्या, हेल्मेट काढलं. केस विस्कटलेले, गाल लाल, आणि डोळ्यांत ती चमक. मामांनी ती एकतीस वर्षं पाहिली होती, पण पाय न मोडलेल्या माणसाच्या डोळ्यांत पहिल्यांदाच.

"कसं वाटलं, मावशी?" मुलीनं विचारलं.

"छान. पण मागे बसून काही दिसत नाही हो. नुसती मामांची पाठ." त्यांनी गाडीच्या हँडलवर हात ठेवला. "पुढे बसायला कुठे शिकवतात?"

"मावशी, या वयात?" अध्यक्ष उद्गारले.

उत्तर मामींनी दिलं. त्यांनी मावशींच्या हातातलं हेल्मेट घेतलं, स्वतःच्या डोक्यावर चढवून बघितलं आणि मामांना म्हणाल्या, "पुढच्या रविवारी जाल तेव्हा दोन नावं सांगून ठेवा."