हाफटाइमनंतरचे सबनीस काका

सबनीस काका फुटबॉलच्या मॅचला हाफटाइम झाल्यावर पोचतात. ट्रॅफिकमुळे नव्हे, ठरवून. दुपारी एकच्या मॅचसाठी आमच्या वेस्ट विंडसर गावाहून बाकीचे लोक सकाळी अकराला निघतात. काका एकला निघतात. आम्ही स्टेडियमच्या पार्किंगमध्ये शिरतो तेव्हा निम्मी गर्दी बाहेर पडत असते आणि पार्किंगवाला आमच्याकडे रस्ता चुकलेल्यांकडे पाहावं तसा पाहतो. काका काच खाली करून त्याला शांतपणे सांगतात, "वी आर ऑन टाइम."

आम्ही म्हणजे काका आणि मी. मी त्यांच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये राहतो. मूळचा नागपूरचा, नोकरी सॉफ्टवेअरची. काका शहात्तर वर्षांचे. औषधांच्या कंपनीत केमिस्ट होते, आता रिटायर झालेत. मूलबाळ नाही. कुमुदकाकू सहा वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून एकटेच आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरने टर्नपाइकवर, म्हणजे मोठ्या हायवेवर, ड्राइव्ह करायला मनाई केली, त्या दिवशी काकांनी माझी बेल वाजवून फक्त विचारलं, "ऑगस्टमध्ये तुझे किती शनिवार रिकामे आहेत?"

ऑगस्टच का, ते सांगायला हवं. इथला फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हाताने खेळतात तो. त्याचा खरा सीझन सप्टेंबरमध्ये सुरू होतो. त्याआधी प्रत्येक टीम तीन सराव सामने खेळते. तिकीट काढून, युनिफॉर्म घालून, पंचांसकट खेळते, पण निकाल कुठेच धरत नाहीत. नावाजलेले खेळाडू सुरुवातीला थोडं खेळतात, नाहीतर टोपी घालून कडेला उभे राहतात. सेकंड हाफमध्ये मैदानावर येतात ती कुणालाच माहीत नसलेली माणसं. ऑगस्टच्या शेवटी टीम नव्वदांतले त्रेपन्न ठेवते आणि बाकीच्यांना घरी पाठवते. माझ्या ऑफिसातले अख्ख्या सीझनचं तिकीट काढणारे लोक या सामन्यांना कंटाळतात आणि तिकिटं देऊन टाकतात. ती सगळी फिरत फिरत काकांकडे येतात.

सप्टेंबर उजाडला की काकांचा फुटबॉल संपतो. अख्खी गल्ली टीव्हीसमोर बसलेली असते आणि हे मागच्या अंगणात दोडक्याचा वेल सोडवत असतात. एकदा मी फायनल बघायला घरी बोलावलं, तर म्हणाले, "त्या लोकांना बघायला खूप जण आहेत रे."

त्यांचं एक पालुपद आहे: "बघितल्याशिवाय नाही म्हणायचं नाही." हे ते कुठेही लावतात. गार्डन सेंटरवाले टाकून द्यायला काढलेली पिवळी रोपं हे घरी आणतात आणि प्रत्येकाला दोन आठवड्यांची मुदत देतात. त्यांच्या अंगणात शिरलं की हॉस्पिटलच्या वॉर्डात आल्यासारखं वाटतं. एका वर्षी मंडळाने गणपतीतल्या एकांकिकेसाठी कलाकार निवडायचं काम त्यांच्याकडे दिलं. एका ओळीच्या दरवानासाठी अकरा जण आले. काकांनी अकराही जणांना दोन दोन वेळा दार उघडायला लावलं. तीन वीकेंड त्यात गेले. तालमीला वेळच उरला नाही आणि प्रयोगात सगळ्यांनी हातात कागद धरून नाटक वाचलं. दरवान मात्र फार छान झाला होता.

मॅचला ते एक वही नेतात. तिच्यात चौथ्या फळीतल्या खेळाडूंचे नंबर आणि त्यांनी काय केलं ते लिहितात. "अठ्ठ्याऐंशी: बॉल सुटला, पण धावत परत आला." टीमने ज्यांना काढलं त्यांची यादी बाहेर आली की त्यातल्या प्रत्येकाला एक कार्ड जातं. ते त्याच्या जुन्या कॉलेजच्या पत्त्यावर पाठवतात. मजकूर दोन ओळींचा: तिसऱ्या क्वार्टरमध्ये तुम्ही अमुक केलंत, ते मी पाहिलं. मला सुरुवातीला याची लाज वाटायची. पुढे एकाचं उत्तर आलं. तो आता ओहायोमध्ये शाळेत शिकवतो. त्याने लिहिलं होतं की त्याच्या आईने ते कार्ड फ्रेम केलंय. काकांनी ते उत्तर वहीत ठेवलं आणि मला म्हणाले, "एकोणसाठ नंबर. पाय फार चांगले होते."

गेल्या उन्हाळ्यात बातमी पसरली की सराव सामने आणखी कमी करून त्याऐवजी खऱ्या सीझनमध्ये एक सामना वाढवण्याचं चाललंय. ऑफिसात सगळे खूश. काका मात्र त्या दिवसापासून कामाला लागले. सगळ्या टीम्सचे सामने ठरवणाऱ्या लीगला पत्रं लिहिली. लायब्ररीत, बॅडमिंटनला, देवळातल्या जेवणाच्या रांगेतसुद्धा सह्या मागितल्या. एका पटेलबाईंनी रस्त्यावर सिग्नल बसवायचा अर्ज समजून आनंदाने सही केली. काकांनी त्यांना गाठून खरं काय ते सांगितलं आणि सही खोडली.

त्यांना खरा विरोध झाला तो माझ्याच घरात. माझी मुलगी सानिका फिजिकल थेरपिस्ट आहे. इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी समजतं सगळं, बोलते आपल्या पद्धतीने. रविवारी काका जेवायला आले होते. तिने सरळ सांगितलं की हे सामने बंदच व्हायला हवेत. तिच्या क्लिनिकमध्ये एक खेळाडू आला होता. सराव सामन्यातच त्याचा गुडघा गेला होता.

"आजोबा, द गेम डिडन्ट इव्हन काउंट," ती म्हणाली. "आणि त्याचं करिअर गेलं."

काका वरणात भात कालवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "त्याने तुला पहिल्या दिवशी काय विचारलं?"

सानिका म्हणाली, "व्हेन कॅन आय गो बॅक."

काका जिंकल्यासारखे अजिबात दिसले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उतरला. जाताना म्हणाले, तिचं म्हणणं खोटं नाही, मला त्याचा विचार करावा लागेल. पुढचे चार दिवस त्यांनी कुणाकडेही सही मागितली नाही. पाचव्या दिवशी तिला फोन करून गुडघ्याची सगळी माहिती लिहून घेतली.

जुलैत टीमने एका हॉटेलच्या हॉलमध्ये प्रेक्षकांची सभा ठेवली. ज्याला बोलायचंय त्याला दोन मिनिटं. मी गाडी काढली, आणि सानिकाही निघाली. तिला विरोधी बाजू मांडायची होती. काकांनी तिच्यासाठी मागची सीट स्वतः पुसली.

सभेला दोनेकशे लोक असतील. बहुतेक जण टीमची जर्सी घालून आले होते. काका एकटेच टाय लावून. बोलणारे एकामागून एक तेच म्हणत होते: कंटाळवाणे सामने, खोटे सामने, आमचे चांगले खेळाडू उगाच जायबंदी होतात. सानिका नीट बोलली, टाळ्या मिळाल्या. मग काका उभे राहिले. माइक त्यांच्या उंचीला खाली करण्यातच बराच वेळ गेला.

काका इंग्रजीत बोलले, कागदाशिवाय. आधी म्हणाले, या मुलीचं बरोबर आहे, ज्याची जागा पक्की आहे त्याला खेळवूच नका, त्याचा गुडघा जपा. पण ज्याची जागा पक्की नाही त्याच्याकडे दाखवायला दुसरं काहीच नसतं. सरावात त्याला फक्त त्याचे कोच बघतात. या सामन्यात त्याला बाकीच्या सगळ्या टीम्स बघतात. इथून काढलं तर कुणीतरी उचलेल, ही आशा त्याला असते. तो एक तास काढून घेतलात तर तुम्ही कागद वाचून माणसाला घरी पाठवाल.

मागून कुणीतरी विचारलं, की आजोबा, तुम्ही कधी खेळलायत का? लोक हसले. काका "नाही" म्हणाले आणि बोलत राहिले. दोन मिनिटांची घंटा वाजली तरी बोलत राहिले. टीमच्या सूट घातलेल्या एका बाईने येऊन हळूच त्यांच्या कोपराला हात लावला, तेव्हा तिचे आभार मानून, शेवटचं वाक्य पूर्ण करून मगच खाली बसले. टाळ्या फार नव्हत्या. निर्णय तिथे होणार नव्हताच. सगळ्यांचं म्हणणं वर कळवू, असं सांगून सभा संपली.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मग मागून सानिकाने विचारलं, "आजोबा, व्हाय डू यू केअर सो मच? खरं सांगा."

काका खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, नेहमीचं पालुपद ऐकवतील.

"तुझी कुमुदआजी डॉक्टर होती," ते म्हणाले.

मी जवळजवळ ब्रेक दाबला. अठरा वर्षांचा शेजार. काकू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढायच्या, एवढंच मला माहीत होतं.

मग काकांनी सावकाश सगळं सांगितलं. काकू मिरजेला शिकल्या. लग्नानंतर इथे आल्या, इथली परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाल्या. पण डॉक्टर म्हणून उभं राहायचं तर आधी एखाद्या हॉस्पिटलने रेसिडेन्सीला, म्हणजे शिकाऊ डॉक्टर म्हणून, घ्यावं लागतं. तीन वर्षं त्यांनी अर्ज केले. मुलाखतीला एकदाही बोलावलं नाही कुणी. नकाराच्या सगळ्या पत्रांत जवळजवळ एकच वाक्य असायचं. परदेशातलं कॉलेज, मध्ये पडलेला खंड, कागदावर एवढंच दिसत होतं.

"एक दिवस वॉर्डात उभी करून बघायला हवं होतं रे तिला," काका म्हणाले. "नुसतं पोटाला हात लावून सांगायची काय झालंय ते. मिरजेला तिचे सर तिला बोलावून घ्यायचे."

सानिकाने विचारलं, मग चौथ्या वर्षी काय झालं?

"चौथ्या वर्षी फॉर्म आणून टेबलावर ठेवले होते तिने. मी म्हणालो, कुमुद, पुरे आता." काकांनी टायची गाठ सैल केली. "रागावून नाही म्हणालो. तिला त्रास होतो म्हणून म्हणालो. तिने ते फॉर्म उचलले. त्यानंतर तीस वर्षं लोकांचं रक्त काढलं. पण त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. मीही कधी विचारलं नाही."

सानिकाने मागून पुढे हात करून त्यांच्या खांद्यावर ठेवला. आमचा एक्झिट येईपर्यंत तो तिथेच होता. गाडीतून उतरताना काका तिला म्हणाले, लीगच्या पुढच्या पत्रात गुडघ्यांचा परिच्छेद तू लिही, मला ते शब्द नीट येत नाहीत. आणि लीगने ऐकलं नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा लिहू.

दोन दिवसांनी त्यांनी मला ते पत्र पाठवलं, स्वल्पविराम तपासून प्रिंट काढायला. अडीच पानं होती. सानिकाचा परिच्छेद मधोमध, तिच्याच शब्दांत. मी चारपाच स्वल्पविराम हलवले, एक स्पेलिंग दुरुस्त केलं आणि शेवटच्या पानावर आलो. तिथे सहीसाठी दोन रेघा होत्या. खालच्या रेघेखाली लिहिलं होतं, एम. सबनीस. वरच्या रेघेखाली: डॉक्टर कुमुद सबनीस.

त्या पानाला मी हात लावला नाही. चांगल्या जाड कागदावर दोन प्रती काढल्या आणि त्यांच्या दारात नेऊन दिल्या.