दोन शांत बदकं

आता बदकं घ्यायचीच, तर भांडखोर कशाला घ्या, असा मी विचार केला आणि तिथंच माझी वाट लागली.

झालं असं, की वडील गेल्यावर आईला मी मालवणहून मालाडच्या आमच्या चाळीत आणलं. तळमजल्याची खोली, मागे मोरीएवढं अंगण. आई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेली. जेवण नको, बोलणं नको. डॉक्टर म्हणाले, पोटात काहीतरी गेलं पाहिजे, नाहीतर कठीण आहे. आणि एक दिवस ती आपणहून म्हणाली, "बदकाचा अंडा खावचासा वाटता रे."

जन्मभर गावी बदकं पाळलेली बाई! मी तडक आरे कॉलनी गाठली.

तिथला बदकवाला महादू म्हणाला, "सायेब, ही ओरडणारी घ्या."

"छे! शेजारी रात्रपाळीवाला आहे. ती दोन गप्प बसलीयत ना, ती द्या." (पारख करण्यात मी पटाईत. असं ऑफिसात फक्त मीच म्हणतो.)

बदकं गुणी निघाली. टपात पोहायची, कोंडा खायची, घसा बसल्यासारखी पुटपुटायची. फक्त अंडी देत नव्हती.

"अहो, आईंच्या पोटात अंडं जायचं कधी?" बायको, मालन, म्हणाली.

शेवटी मी बाजारातून कोंबडीची अंडी आणली, वर चिखल फासला (अस्सलपणासाठी!) आणि रोज एक गवतात ठेवू लागलो. मग "दिला गे आये, दिला!" असा गलका. ते उकडून, खाटेवर बसून, मीच सोलून भरवायचो. आई खायची, चार शब्द बोलायची. मी चाळभर बदकांचं कौतुक सांगत फिरलो.

पण तिची तब्येत काही सुधारेना. एका दुपारी माझा हात धरून म्हणाली, "दोनव नर आसत रे. मादी वरडता, नर गप रवता. शेपटेवरचो वळलेलो पीस तुका दिसाक नाय?"

"तुका कधी कळला?"

"पयल्याच दिवशी."

"मगे अंडी कित्याक खाल्लंस?"

"तू सोलून देय होतंस म्हणान. नायतर माझ्याकडे बसाक तुका येळ खंय होतो?"

त्याच आठवड्यात आई गेली. मी लहान पोरासारखा रडलो.

दिवसकार्य आटोपल्यावर एका सकाळी सवयीनं मी गवतात अंडं ठेवून आलो. मालननं ते उचललं, धुतलं, उकडून माझ्यापुढे ठेवलं. सोलता सोलता मला हुंदका आवरेना. तिचेही डोळे भरले. माझ्या पाठीवर हात ठेवून ती माझं सोलणं बघत राहिली.

"अहो," मग म्हणाली, "निम्मं अंडं टरफलाबरोबरच चाललंय. आई बिचाऱ्या रोज खात तरी काय होत्या?"