कळवाले आणि खटकेवाले

एखाद्या वस्तूविषयी निःपक्ष मत बनवायचं असेल, तर त्या वस्तूशी आपला काडीचाही संबंध नसणं ही पहिली अट आहे. ज्याच्या दारात गाडी आहे तो आपल्याच गाडीची बाजू घेणार, आणि ज्याला मूल आहे तो शिक्षणपद्धतीवर शांतपणे बोलूच शकत नाही. या कसोटीवर हूफडॉर्पचा शैलेंद्र गडकर हा पिस्तुलांच्या बाबतीत अत्यंत निःपक्ष गृहस्थ ठरत होता. नेदरलँड्समध्ये स्वसंरक्षणासाठी कमरेला पिस्तूल लावून हिंडायची परवानगी मिळत नाही, आणि शैलेंद्रनं तोवर हाताळलेलं सर्वात घातक यंत्र म्हणजे सायकलचा पंप.

पंपावरूनच सगळं सुरू झालं. मार्च २०२० मध्ये ऑफिस बंद होऊन घरच्या तिसऱ्या खोलीत आलं. एका दुपारी त्यानं पंपांची तुलना करणारा व्हिडिओ लावला. तो संपला आणि पुढचा आपोआप सुरू झाला: कमरेला लावायच्या पिस्तुलांमध्ये चाप कोणता बरा? शैलेंद्रनं तो मोकळ्या मनानं पाहिला. मे अखेरपर्यंत असे दोनशे चौदा झाले. (त्याची बायको मृणालिनी तीनशे म्हणते, त्यानं जेवताना पाहिलेलेही तिनं धरले आहेत.)

शैलेंद्र पेशानं टेस्ट अॅनालिस्ट. तुलना करणं हेच त्याचं काम. त्यानं एक तक्ता केला: एकतीस पिस्तुलं, सत्तेचाळीस रकाने. ज्यांना मागे घोडा, म्हणजे गोळी पेटवायला आपटणारी हातोडी, असतो तीच पिस्तुलं घेतली. बिनघोड्याची 'चारित्र्याच्या कारणावरून' वगळण्यात आली.

या विषयाचं सार असं. पहिल्या प्रकारात घोडा खाली असतो. पहिल्या ओढीत चापच घोडा चढवतो आणि चापच पाडतो, म्हणून ती ओढ लांब आणि जड. पुढच्या गोळ्यांना घोडा चढलेलाच असतो, म्हणून ओढ हलकी. (कचेरीत पहिली सही मिळेपर्यंत जीव जातो, पुढच्या भराभर होतात, तसं.) दुसऱ्या प्रकारात घोडा आधीच चढवलेला असतो आणि चाप फक्त तो पाडतो. ओढ सुरुवातीपासून हलकी, म्हणून अंगठ्यापाशी एक खटका; तो खाली केल्याशिवाय गोळी सुटत नाही. तिसऱ्या प्रकारात प्रत्येक ओढ पहिल्यासारखीच जड. (पालिकेच्या हेल्पलाइनसारखं, दर वेळी नाव, पत्ता, जन्मतारीख पहिल्यापासून.) पहिल्या प्रकारात काही ठिकाणी खटक्याऐवजी एक कळ असते. ती दाबली की चढलेला घोडा हळूच खाली येतो.

खटका की कळ, एवढाच काय तो प्रश्न.

"पप्पा, दाट माख हीर नीट," नऊ वर्षांची मैत्री पडद्याकडे बघत म्हणाली. म्हणजे, इथे हे चालत नाही.

"ते मला माहीत आहे गं. मी फक्त समजून घेतोय."

"व्हाय?"

या प्रश्नाला रकाना नव्हता.

त्या वर्षी परिसरातल्या मराठी मंडळाचा गणपती ऑनलाइन होता. आरतीनंतर करमणूक म्हणून सेक्रेटरी नीलिमाताईंनी शैलेंद्रला दहा मिनिटं दिली. तो पन्नास मिनिटं बोलला. शेवटी म्हणाला की एकूण विचार करता खटका बरा. त्यावर ब्रेडा शहरातून संजीव देवस्थळी यांनी माइक उघडला.

"शैलेंद्र, सॉरी, पण घाबरलेल्या माणसाच्या लक्षात खटका राहत नाही. कळच हवी."

"संजीव, तू कधी पिस्तूल हातात धरलंयस का?"

"नाही. तू?"

"नाही."

अशा रीतीनं दोन्ही बाजूंची पात्रता सिद्ध झाल्यावर चर्चेला रंग चढला. विसर्जनापर्यंत मंडळात तेवीस कळवाले, एकोणीस खटकेवाले आणि दोन तटस्थ (दोघांचाही माइक बिघडलेला) अशी वर्गवारी झाली. कळवाल्यांनी वेगळा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. मोदकांच्या पाककृती इकडून तिकडे जाणं बंद झालं. नीलिमाताईंनी परिपत्रक काढलं की सभासदांनी परस्परांच्या चापाविषयी वैयक्तिक टिप्पणी करू नये.

सप्टेंबरात मृणालिनी म्हणाली, "अरे, जवळ नेमबाजीचा क्लब आहे. सध्या उघडलाय. पाहुणे म्हणून नेमबाजी करून बघता येते. एकदा जाऊन ये आणि मिटव हे."

"प्रत्यक्ष अनुभवानं मत दूषित होतं," शैलेंद्र म्हणाला.

"तू घाबरतोस."

शनिवारी दोघं गेले.

क्लबात तिनेके नावाच्या सत्तरीच्या बाई शिकवायला होत्या. निवृत्त सुईण. शैलेंद्रनं त्यांना पिस्तुलांच्या चापाविषयी अकरा मिनिटं माहिती दिली. त्या चहा पीत ऐकत होत्या. "मोई," त्या म्हणाल्या, म्हणजे छान. मग पिस्तूल कसं धरायचं ते दुरून दाखवलं आणि म्हणाल्या, "आता उडवा."

शैलेंद्रनं चाप ओढला. काही झालं नाही. त्यानं पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा दात आवळून ओढला.

"या मॉडेलची ओढ अपेक्षेपेक्षा जड दिसते," तो म्हणाला.

"बोट काढा," तिनेके म्हणाल्या. दीड मीटरच्या आत यायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी कोपऱ्यातली पडद्याची काठी उचलली आणि तिचं टोक त्याच्या अंगठ्याकडे रोखलं. तिथे खटका होता. वर. या अवयवावर तक्त्यात चार रकाने खर्ची पडले होते.

त्यानं खटका खाली केला आणि चाप ओढला. आवाज कानातून नाही, छातीतून गेला. गोळी कागदाला लागली. (कोणाच्या कागदाला, हे क्लबनं सौजन्यानं नोंदवलं नाही.) शैलेंद्रनं पिस्तूल सांगितल्याप्रमाणे खाली ठेवलं, मागे येऊन बाकावर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

परतीच्या बसमध्ये मास्कआडून मृणालिनीनं विचारलं, "कसं वाटलं?"

"जड."

"पहिली ओढ?"

"नाही गं. सगळंच." थोड्या वेळानं तो म्हणाला, "हे कोणावर रोखायचं म्हणजे... मला नाही वाटत मी हे व्हिडिओ आता बघेन."

ती हसली नाही. नुसता त्याचा हात धरून बसली. मंडळाला मात्र त्यानं कळवलं: 'प्रात्यक्षिक झाले. निष्कर्ष तक्त्याशी सुसंगत.'

ऑक्टोबरात त्याचं कंत्राट संपलं आणि ते वाढवण्यात आलं नाही. कुशल कामगाराच्या परवान्यावर राहणाऱ्याला अशा वेळी नवी नोकरी शोधायला तीन महिने मिळतात. नाही मिळाली तर परत. मृणालिनीचा परवाना त्याच्याच परवान्याला लागून होता आणि मैत्रीला मराठी वाचता येत नव्हतं. त्यानं त्रेसष्ट अर्ज केले. चाळीस ठिकाणांहून पुढील वाटचालीस शुभेच्छा आल्या. उरलेल्यांनी शुभेच्छाही दिल्या नाहीत. त्या दिवसांत घरात कोणी मोठ्यानं बोलत नसे.

डिसेंबरात एका सल्लागार कंपनीची ऑनलाइन मुलाखत आली. तुम्ही केलेली एखादी तुलना दाखवा, असं सांगितलं होतं. शैलेंद्रनं गोदामांच्या सॉफ्टवेअरचा तक्ता तयार ठेवला, स्क्रीन शेअर केली, आणि तीन परीक्षकांसमोर एकतीस पिस्तुलं उघडली.

बंद करायचं बटण त्याला सापडेना.

मधल्या बाईंनी विचारलं, "यातली तुम्ही किती वापरलीत?"

"एकही नाही. एकाला एकदा हात लावला. त्याचा खटका लावलेला होता आणि माझ्या लक्षात आलं नाही. मी तीनदा चाप ओढला."

"मग ग्राहकाला कोणतं सुचवाल?"

"कुठलंच नाही. म्हणेन, आधी स्वतः हातात धरून बघा. मग बहुतेक नको वाटेल."

परीक्षकांनी आपसांत विचार केला. हे उत्तर आत्मविश्वासाच्या अभावाचं लक्षण मानण्यात आलं. पण सत्तेचाळीस रकाने पाहून तिघंही भारावले होते. वस्तू कधी न वापरता इतक्या बारकाईनं लिहिणारा माणूस त्यांना बरेच महिने हवा होता. नेमणूक 'वरिष्ठ सल्लागार' म्हणून झाली. अट एकच: तसलं उत्तर ग्राहकासमोर पुन्हा द्यायचं नाही.

पत्र आलं तेव्हा मृणालिनी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच रडली. मैत्रीनं डचमध्ये विचारलं, शाळा तीच ना? तीच, शैलेंद्र म्हणाला. तो आता उत्तम सल्ले देतो. पिस्तुलांविषयी मात्र कोणी विचारलं तर गप्प राहतो, त्यामुळे मंडळात त्याचा अभ्यास कमी पडला असं बोललं जातं.

वादाचा निकाल अजून लागलेला नाही. नीलिमाताईंनी मंडळाबाहेरच्या सुज्ञ मराठी वाचकांकडून लेखी मतं मागवली आहेत. पात्रता एवढीच की मत देणाऱ्यानं पिस्तुलाला आयुष्यात कधी हात लावलेला नसावा. तुम्ही पात्र आहात, असं समजून चालतो. खटका की कळ, हे तुम्ही मघाशीच ठरवलंत, तेव्हा वेळही फारसा लागणार नाही.