चौधरीकाकांचं विमा उतरवलेलं आकाश

आमचे शेजारी चौधरीकाका आकाशाकडे बघतात ते चांदण्यांसाठी नाही. यातलं खाली काय येऊ शकतं, ते बघतात. संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकायची, एखादा ठिपका सावकाश सरकताना दिसला की मान डोलवायची. "उपग्रह आहे. विमा असणार."

माणूस मूळचा जळगावचा, उभा जन्म सुरतेत विमा विकण्यात गेला. "जे पडू शकतं, त्याचा उतरवावा," हे त्यांचं ब्रीद. माझ्या लग्नात अक्षता पडायच्या आधी त्यांनी मांडवाच्या बांबूंची चौकशी केली, आता बोला!

पुढे त्यांची मुलगी मीनल बंगळुरूला उपग्रह बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागली आणि काकांचं लक्ष जमिनीवरून उडालंच. उड्डाणाचा विमा वेगळा, वर फिरत राहण्याचा वेगळा, कुणाच्या डोक्यात पडला तर त्याचा तिसरा, हे ते आम्हाला लोचो खाता खाता समजावत. "वरात वेगळी, संसार वेगळा." काकू गेल्यापासून घरात ते एकटेच. पण त्या डब्याएवढ्या यंत्रापायी पोरगी दिवाळीलाही येईना. फोनवर काका तिला रोज एकच विचारत, विमा उतरवला का? ती बिचारी हो म्हणून थकली.

तिचा पहिला उपग्रह उडायचा होता नेमका चंदी पडव्याला. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी अख्खं सुरत चांदण्यात बसून तुपात माखलेली गोड घारी आणि तिखटमीठ भुसू खातं, तसे आम्हीही गच्चीवर होतो, काकांच्या मोबाइलभोवती. रॉकेट निघालं. इवलीशी ज्योत वर वर चढत गेली. चांदणं इतकं मऊ होतं की आपणही तिच्याबरोबर तरंगतोय असं वाटत होतं. मग ती रेघ जराशी वाकली. आम्हाला वाटलं, वळण घेतंय. आम्ही टाळ्या पिटल्या, घारी वाटली. निवेदक मात्र गप्प झाला होता. काकांनी हातातली घारी खाली ठेवली.

थोड्या वेळाने मीनलचा फोन आला. स्पीकर चालूच होता. "बाबा, विमा होता. कंपनीला पैसे मिळतील," एवढं म्हणेपर्यंत तिला रडू फुटलं.

"पैसे गेले खड्ड्यात," काका म्हणाले.

त्यांनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. टाळ्या वाजवणारे आम्ही खाली मान घालून भुसू चिवडत बसलो. मला स्वतःची फार लाज वाटली. नंतर हळूच ऐकू आलं, "रड बेटा. मी फोन ठेवत नाही."