चमच्याने पपनस

शेजारच्या देवरे अण्णांकडे सकाळी सातला जायचं, तर मला गॉगल लावून जावं लागे. त्या वेळी अण्णा चमच्याने पपनस खात असत.

आता पपनस काय चमच्याने खायची वस्तू आहे? सोलावं, फोडी काढाव्यात, वर तिखटमीठ टाकावं, मोकळं व्हावं. पण नाही. अण्णा ते आडवं कापणार, अर्धं ताटलीत ठेवणार, शेजारी घडी घातलेला रुमाल, आणि मग चमचा खुपसणार. पचकन रस उडायचा. कधी भिंतीवर, कधी थेट माझ्या तोंडावर. "अँगल चुकला," अण्णा म्हणायचे. पाटबंधारे खात्यातले निवृत्त ओव्हरसियर ते. जगात जे काही बिघडतं ते अँगल चुकल्यानेच, असं त्यांचं ठाम मत.

या सगळ्याचं मूळ होतं अमेरिकेत. त्यांचा एकुलता एक सुनील तिकडे नोकरीला. दोन हजार सालच्या सुमारास तो फोनवर सहज बोलून गेला, की सूनबाई रोज सकाळी अर्धं ग्रेपफ्रूट ताटलीत ठेवते, आतून गुलाबी असतं, चमच्याने खातात. ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसाचा धाकटा भाऊ, हे अण्णांनी कुठून तरी शोधून काढलं. बायको वारल्यापासून ते एकटेच होते आणि त्या एकटेपणाला पार विटले होते. सुनील त्यांना कायमचं तिकडे नेणार होता.

"सुनेच्या टेबलावर माझ्यामुळे पसारा नको हो," म्हणाले, आणि तयारीला लागले.

गणपती ते दिवाळी माझ्या स्कूटरला विश्रांती नाही. मागे अण्णा, आणि आमची वरात पेठ रोडला. डोंगराकडच्या बाया तिथे पाट्या घेऊन बसत. अण्णा एकेक पपनस हातावर तोलणार, जड आहे का बघणार, नखाने साल खरवडून हुंगणार आणि विचारणार, "आतून गुलाबी आहे का?"

"मी काय आत जाऊन आले काय, बाबा?" एक बाई एकदा कावलीच. "घ्यायचं तर घ्या, नाय तर राहू द्या!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णांनी मात्र शांतपणे पुढचं उचललं.

असे तीन हंगाम गेले. तिसऱ्या वर्षी एका सकाळी अण्णांनी अर्धं पपनस एक थेंबही न उडवता संपवलं. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात सुनीलचा फोन आला. अण्णा नुसतं "बरं, बरं" म्हणत राहिले. मग रिसीव्हर ठेवला.

"तुमचं इकडे जमायचं नाही, म्हणाला. आता तो विषय नको, म्हणाला."

असा संताप आला मला त्या पोराचा! अण्णांनी ताटली धुतली, पुसली, फळीवर ठेवली. मग माझ्याकडे न बघताच विचारलं,

"तुमच्याकडे नाश्त्याला काय असतं हो?"

"पोहे," मी म्हणालो. "नाहीतर उपमा."

"आता मी सांडत नाही," अण्णा म्हणाले.