विमानांचं वाण

रावजी देवरे यांच्याकडे एकवीस विमानं होती आणि त्यातलं एकही उभं राहत नव्हतं. ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं फिटरकी केलेला माणूस घरी हौसेनं एखादं लाकडी विमान करतो, हे समजण्यासारखं आहे. रावजींनी अकरा वर्षांत एकवीस केली. ती सगळी कपाटावर पोटावर पडलेली असत. दर शुक्रवारी त्यांच्यावरून फडकं फिरवताना चतुराबाई न चुकता विचारत, की ही उडणार कधी.

दोन हजार तीनच्या जानेवारीत तो योग आला. निवृत्त कामगारांच्या मंडळानं कॉलनीच्या हॉलमध्ये या विमानांचं प्रदर्शन ठरवलं. रविवारी सकाळी दहाला उद्घाटन, आणि उद्घाटनाला मोठे साहेब. ज्यांच्यासमोर रावजी चौतीस वर्षांत एकदाही खुर्चीत बसले नव्हते, ते साहेब. त्यांना पोटावर पडलेली विमानं दाखवायची म्हणजे ओळीनं एकवीस अपघात दाखवण्यासारखंच होतं. तेव्हा विमानांना स्टँड हवेत, आणि ते घरीच करायचे, असं ठरलं.

पहिला प्रयोग दोऱ्याच्या रिळांवर झाला. त्यात विमानं नाकावर पडली. दुसरा प्रयोग चतुराबाईंच्या लाटण्यावर झाला. तो यशस्वी झाला, पण त्यानंतर चार दिवस घरात पोळ्या बाटलीनं लाटल्या गेल्या आणि लाटणारीचं मत भिंतीपलीकडेही ऐकू गेलं. शेवटी रावजींनी पंचवटीतल्या एका सुताराकडून सागाचे तुकडे आणले, त्यात सायकलच्या चाकाचे आरे बसवले, आणि प्रत्येक आऱ्याच्या टोकाला विमान पेलणारी दोन नाजूक बोटं काढली. घरातला नळ सहा महिने गळू देणारा हा माणूस त्या बोटांमधलं अंतर भिंगातून मोजत होता. वर पॉलिशचे तीन हात. स्टँड असे झाले, की विमान नसलं तरी चालेल.

शनिवारी दुपारी शेवटचा हात वाळायचा होता. गच्चीवर पतंगवाल्या पोरांचा धुडगूस, म्हणून रावजींनी एकवीस स्टँड पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबलावर मांडले. टेबलावर कसलीशी पिशवी होती, ती शिस्तीत आतल्या खाटेखाली सरकवली. मग विमानं जुन्या लुगड्यांत गुंडाळून ते रिक्षानं हॉलवर गेले.

त्या पिशवीत चहाच्या पंचवीस गाळण्या होत्या, आणि त्या दिवशी चतुराबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ही गोष्ट चतुराबाईंनी रावजींना चार वेळा सांगितली होती. रावजींनी चारही वेळा "बरं" म्हटलं होतं.

पुढचं घडलं ते सरळच. चतुराबाई टेबलाकडे पाठ करून दारात हळदीकुंकू लावत, अत्तर लावत उभ्या. वाण द्यायचं काम शेजारच्या नव्या सुनेकडे, दीपमालाकडे. टेबलावरचं एकेक दे, एवढंच तिला सांगितलेलं. तिनं टेबलावरचं एकेक दिलं. निघताना प्रत्येक बाई पदराखाली घेतलेल्या वाणाचं कौतुक करत होती, की एवढं सुरेख, एवढं कोरीव. गाळणीचं हे काय एवढं, असं चतुराबाईंना वाटलं, पण त्या आपल्या विनयानं म्हणत राहिल्या, "रोजच्या वापरातलं असावं, म्हटलं."

रावजी संध्याकाळी परतले तेव्हा टेबलावर दोन स्टँड उरले होते.

"एकोणीस बायका आल्या होत्या," चतुराबाई शांतपणे म्हणाल्या. खाटेखालची पिशवी तोवर त्यांना सापडली होती.

"मग आणतो मागून."

"सवाष्णीला दिलेलं वाण परत मागणार? जा. आणि येताना या घरी येऊ नका."

रावजी तरीही निघाले. पहिलं घर सावित्रीबाईंचं. स्टँड टीव्हीवर विराजमान, त्या दोन बोटांत सावित्रीबाईंचा चष्मा. रावजींनी घसा साफ केला, तोच सावित्रीबाईंनी तिळाची वडी हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊजी, तीस वर्षं गाळण्या नि चमचेच गोळा केले मी. वाण द्यावं तर वहिनींनी." तोंडात तीळगूळ असताना कडू विषय काढायची सोय नसते. दुसऱ्या घरी स्टँडवर मोबाईल होता, तिसऱ्या घरी झारा. मखमलाबादच्या मळ्यातली फुलं विकणाऱ्या नवसाबाईंनी त्यावर गजरे टांगले होते. पाच घरं हिंडून रावजी पाच वड्या घेऊन घरी आले आणि न जेवता बसून राहिले. चौतीस वर्षांत साहेबांना दाखवण्याजोगं काही केलं होतं ते एवढंच, आणि त्यावर आता झारा होता.

चतुराबाईंनी ते पाहिलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "वाण मागता येत नाही. पण उद्या हॉलवर घेऊन या, असं म्हणायला काय जातं?" आणि दीपमालाला एकोणीस घरी पिटाळलं.

रविवारी दहाला एकोणीस बायका जरीच्या साड्या नेसून हॉलमध्ये हजर झाल्या, हातात स्टँड. तो टेबलावर ठेवायला मात्र एकही तयार होईना. वाण आपल्या हातातून सोडायचं नसतं, असं सावित्रीबाईंनी जाहीर केलं. शेवटी दोन विमानं टेबलावर मांडली आणि बाकीची एकोणीस विमानं स्टँडवर बसवून बायकांनी ओळीनं उभ्या राहून हातात धरली. अर्ध्या तासात हात भरून आले, विमानं हळूहळू डोलायला लागली, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच उडत असल्यासारखी दिसली.

साहेब सावित्रीबाईंसमोर थांबले. "हे कोणतं?"

"वाण," सावित्रीबाई म्हणाल्या.

"मिग, साहेब," रावजी मागून म्हणाले.

साहेबांनी ओळीच्या टोकापर्यंत जाऊन सगळी विमानं पाहिली, रावजींच्या पाठीवर हात ठेवला आणि त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवून चहा पाजला. अशी मांडणी आपण कुठेच पाहिली नाही, असंही म्हणाले. ते खरंच होतं.

बारा वाजता साहेब गेल्यावर रावजी विमानं उतरवायला उठले.

"अहो, थांबा," चतुराबाई म्हणाल्या. "वाणावर बसलेलं उतरवायचं नसतं. जिचं तिनं घरी न्यायचं."

असा नियम तिथल्या एकीनंही ऐकला नव्हता. पण चारचौघींत तसं कबूल कोण करणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. सावित्रीबाईंनी तर सांगून टाकलं, की त्यांच्या कळवणच्या आजी या बाबतीत फार कडक होत्या.

दीपमाला हळूच म्हणाली, "काकू, हा नियम मला माहीतच नव्हता."

"मलाही आत्ताच कळला," चतुराबाई म्हणाल्या. "कपाट पुसून पुसून हात गेले गं माझे."

रावजींनी हे स्वच्छ ऐकलं. बोलायला तोंडही उघडलं. तेवढ्यात नवसाबाई विमान सांभाळत पुढ्यात आल्या.

"भाऊ, याचं तोंड कुठं करू? उगवतीला का मावळतीला? आन् खाली वाकडं दिसतंय ते चाक हाय का?"

अकरा वर्षांत त्या विमानांबद्दल असा प्रश्न रावजींना कुणी विचारला नव्हता. त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं, नवसाबाईंच्या घराची खिडकी कोणत्या बाजूला आहे ते विचारलं, आणि म्हणाले, "सांगून नाही कळायचं. चला, मी येतोच."

हे ऐकून बाकीच्या अठराजणी दारात थांबल्या. रावजी जेवायला घरी आले तेव्हा साडेचार वाजले होते.