हलकेपणाचा दाखला

सरकारी पत्रात नामे निर्धास्तपणे वापरावीत, क्रियापदे शक्यतो कर्मणी ठेवावीत, विशेषण मात्र दहादा विचार करून लिहावे. कारण विशेषणाचा खुलासा मागता येतो. सत्यशीला मॅडमना डी.एड.ला सगळं शिकवलं होतं, तेवढं हे राहून गेलं होतं.

मॅडमची शाळा शहागडपासून आत, गोदावरीच्या अंगाला. वर्ग पहिली ते सातवी. जुलैत शाळेला दहा लॅपटॉप आले. पातळ, देखणे, चौथीतल्या पोरानेही एका हाताने उचलावेत असे. ऑगस्टात कोडिंगचं किट आलं. खोक्यात एक हिरवी पट्टी (हिलाही बोर्ड म्हणतात, खडूचा संबंध नाही), चार चाकं, दोन मोटारी, बॅटरीची डबी, छोटे दिवे, एक तार आणि तीन भाषांतली जाडजूड माहितीपुस्तिका. लॅपटॉप एका विभागाने निवडले होते, किट दुसऱ्याने. दोन्ही विभाग एकाच इमारतीत असल्याने त्यांना एकमेकांना भेटायची गरज पडली नव्हती.

तारेचं तोंड रुंद निघालं आणि लॅपटॉपचं भोक बारीक. मॅडमनी दहाही लॅपटॉपना तार सुलटी, उलटी आणि पुन्हा सुलटी लावून पाहिली.

"मॅडम, घुसंनाच की," लायबा म्हणाली.

लायबा सातवीत, म्हणजे या शाळेतलं तिचं शेवटचं वर्ष. तिची दादी कमरबी हिला ऐकू येत नाही. दुपारी घरचे सगळे दुकानात गेले की येणारा माणूस दार वाजवून वाजवून निघून जातो. दाराला हात लागला की आतला दिवा तीनदा लुकलुकावा, असा प्रोग्राम लायबाने वहीत लिहिला होता. एक्केचाळीस ओळी, पेनने, एकही खाडाखोड नाही. आता तो लॅपटॉपमधून तारेवाटे पट्टीत उतरवायचा तेवढा बाकी होता. मॅडमना त्या वहीचा इतका अभिमान वाटला की त्यांनी त्याच दिवशी पत्र लिहिलं. चूक इथंच झाली.

पत्र अंबडच्या 'शालेय तंत्रसाहित्य सुसंगतता कक्षा'ला गेलं. "लॅपटॉप हलके असल्यामुळे त्यांना रुंद खाच नाही. तरी किट लावण्यासाठी बोराएवढा एक जोड मिळावा." असा जोड बाजारात मिळतो हे मॅडमना ठाऊक होतं. पण परिपत्रकात कलम नऊ होतं: बाहेरची वस्तू लावल्यास लॅपटॉपची जबाबदारी शिक्षकाची. मॅडम कलमाला घाबरल्या. (आपण सगळेच घाबरतो, म्हणून तर कलमं टिकून आहेत.)

महिन्याने नोटीस आली. शासनाने पुरवलेल्या मालास 'हलका' का संबोधले, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.

मॅडम पहिल्या एस.टी.ने अंबडला गेल्या. कक्षप्रमुख बद्रीनाथ सर सज्जन माणूस. त्यांनी आधी चहा मागवला.

"सर, हलका म्हंजे वजनाला हलका. माल खराब हाय असं न्हाई म्हणून राह्यले मी."

"मंग तसं लिहा ना मॅडम. आन् वजनाचा दाखला जोडा. बिगर दाखल्याचं वजन आम्ही कसं धरावं?"

युक्तिवाद बिनतोड होता. गावात छाप मारलेला काटा एकच, लायबाच्या वडिलांच्या किराणा दुकानातला. लतीफभाईंनी गुळाची ढेप खाली उतरवून लॅपटॉप वर ठेवला. एक किलो एकशे चाळीस ग्रॅम. मग, आलोच आहोत तर म्हणून, किटही ठेवलं. एक किलो सहाशे वीस.

"काटा बिलकुल बराबर हाय मॅडम," लतीफभाई म्हणाले. "पर तोलून बत्ती लागंल का?"

"दाखला गेला की लागंल," मॅडम म्हणाल्या. त्यांचा खरंच विश्वास होता.

त्यांनी प्रामाणिकपणे दोन्ही वजनं कळवली आणि कक्षात आनंदीआनंद झाला. स्थापनेपासून तीन वर्षं कक्षाला 'सुसंगत' या शब्दाची व्याख्या सापडत नव्हती, ती सापडली. हलक्या लॅपटॉपला जोडावयाचे साहित्य त्याहून जड नसावे. जे हलके, ते सुसंगत. किट चारशे ऐंशी ग्रॅमने असुसंगत ठरलं. जादा वजन उतरवून कक्षात जमा करण्याचा आदेश घेऊन शनिवारी माणूस शाळेत आला. चाकं काढली, एकशे साठ गेले. मोटारींचे एकशे नव्वद. बॅटरीची डबी, एकशे दहा. (पुस्तिका एकटीच सहाशे भरली, पण तिच्यावर शासनाचा शिक्का होता.) तरी वीस ग्रॅम उरलेच. मग चोवीस ग्रॅमची तार काढली आणि किट सुसंगत झालं. आदेशाखाली शेरा आला: "तार उपलब्ध नसल्याने जोडाची मागणी निकाली काढण्यात येत आहे."

त्या शनिवारी मॅडम रजा टाकून जालन्याला गेल्या होत्या. कलम नऊ गेलं खड्ड्यात, असं मनाशी म्हणून त्यांनी पदरमोड करून जोड घेतला. सोमवारी वर्गात त्यांनी तो पर्समधून काढला तेव्हा लायबा वही घेऊन उभीच होती.

"मॅडम, आणला?"

"आणला गं."

"मंग तार?"

ती तार त्या किटचीच लागायची, बाजारात मिळत नव्हती. मॅडमना कक्षाचा जितका राग आला त्याहून जास्त स्वतःचा आला. पहिल्याच दिवशी का नाही आणला, हे त्या अजून स्वतःला विचारतात.

वर्षअखेरीस कक्षाने पाहणी केली. एकशे ब्याऐंशीपैकी एकशे ब्याऐंशी शाळा सुसंगत आढळल्या. एका शाळेत किट पोचलंच नव्हतं. तिथं वजन शून्य भरल्याने ती पहिली आली. मॅडमच्या शाळेला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. लायबा आता आठवीला शहागडला जाते, तिथं किट यायचं आहे. वही तिने जपून ठेवली आहे. कमरबी दुपारभर दाराकडे तोंड करून बसते.

वाचताना दोन-चार ठिकाणी आपल्याला हसू आलं असेल आणि मन हलकं झालं असेल. जे हलकं, ते सुसंगत. तेव्हा वाचकहो, आपणही या व्यवस्थेशी पूर्णपणे सुसंगत आढळला आहात. दाखला तयार आहे, सहीला तेवढं यावं.